अंगावर ॲसिड सांडलं तर आधी कपडे काढायचे की पाणी मारायचं?

दोन्ही एकदमच, शॉवर चालू करून त्याच पाण्याखाली कपडे उतरवायचे, आणि टीशर्ट डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा, नाहीतर तेच डोळ्यांत जातं. मी चेंबूरला केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी बघतो, आम्ही सगळ्यांना हेच शिकवतो, निदान 15-20 मिनिटं साधं पाणी, सोडा वगैरे अजिबात लावायचा नाही, त्याने उष्णता निघून जखम वाढते. मदत करणाऱ्याने ग्लोव्हज घालायलाच हवेत. कपडे दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधा, रबरी गमबूट नीट धुऊन चालतात पण चामड्याचे बूट-पट्टे फेकाच, ते केमिकल शोषून घेतात. फक्त कोरडा चुना किंवा कॉस्टिक सोड्याची पावडर असेल तर आधी झटका, मग पाणी. आणि 108 ला फोन पाणी चालू असतानाच लावा.