टक्केवारी कंपनीची, प्रवास एका विमानाचा

प्रश्न : माझे आईबाबा जानेवारीत नागपूरहून मुंबईमार्गे दुबईला, धाकट्या बहिणीकडे जाणार आहेत. दुबईचं विमान रात्री सव्वादहाला आहे. नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर बरंच स्वस्त पडतंय. दोन स्वस्त कंपन्या समोर आहेत. जिची वक्तशीरपणाची टक्केवारी चांगली, तिचं विमान दुपारी साडेचारचं. दुसरीची टक्केवारी कमी, पण विमान सकाळी साडेसहाचं. मुंबईत पार्ल्याला मावशी आहे. कोणतं घ्यावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, सकाळचं घ्या. टक्केवारी कमी असली तरी सकाळचंच.

मी बरीच वर्षं मुंबई विमानतळावर काउंटरवर आणि गेटवर काम केलं आहे, त्यामुळे ही टक्केवारी कशी तयार होते ते सांगते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे आपलं डीजीसीए, दर महिन्याला आकडे देतं. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असेल तर विमान ‘वेळेवर’ धरतात. पण हे आकडे मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद अशा महानगरांच्या विमानतळांवरचे असतात. नागपूर त्यात नाही. शिवाय पहाटेचं, दुपारचं, रात्रीचं अशी त्या कंपनीची सगळी उड्डाणं एकाच आकड्यात येतात. तुमच्या आईबाबांना त्यातल्या एकाच विमानात बसायचं आहे.

स्वस्त कंपनीचं गणितच असं असतं की विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं राहावं. एकच विमान पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पाच-सहा फेऱ्या मारतं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात एकशेऐंशीच्या आसपास माणसं उतरतात, साफसफाई होते, इंधन भरतात, सामान उतरवून नवं चढवतात आणि पुन्हा तेवढीच माणसं बसवतात. यात एखादा प्रवासी सामान देऊन गेटवर आलाच नाही, तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते, त्याशिवाय विमान निघत नाही. लोडर आत वाकून एकेक टॅग बघत असतात, वर सगळे पट्टे बांधून बसलेले असतात आणि वीस मिनिटं सहज जातात. ही वीस मिनिटं पुढच्या फेरीला लागतात, तिथून त्याच्या पुढच्या. डीजीसीएच्या अहवालात उशिराच्या कारणांमध्ये ‘रिअ‍ॅक्शनरी’ असा एक प्रकार असतो, म्हणजे आधीच्या फेरीच्या उशिरामुळे झालेला उशीर. बहुतेक महिन्यांत तोच सगळ्यांत मोठा असतो. पहाटेचं विमान सहसा आदल्या रात्रीच येऊन मुक्कामाला थांबलेलं असतं, म्हणून ते वेळेवर निघण्याची शक्यता जास्त.

त्यात तुमचा महिना जानेवारी. नागपूरचं आकाश निरभ्र असेल, पण साडेचारचं विमान त्या दिवशी सकाळी दिल्लीला किंवा लखनौला असेल तर तिथल्या धुक्याचा उशीर घेऊनच ते येणार. हे आधी बघता येतं. फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर विमानाचा फ्लाइट नंबर टाका, गेल्या आठवड्यात ते रोज किती वाजता निघालं ते फुकट दिसतं. तिथेच ‘व्हीटी’ने सुरू होणारा विमानाचा क्रमांक असतो, त्यावर बोट ठेवलं की ते विमान त्याआधी कुठे कुठे फिरून आलं तेही कळतं. कंपनीच्या टक्केवारीपेक्षा मी या सात ओळींवर जास्त विश्वास ठेवते.

एक मात्र खरं, उतरण्याच्या वेळेकडे फार कौतुकाने बघू नका. वेळापत्रकात कंपन्या थोडी सैल वेळ धरतात. मुंबई-दिल्ली हवेत पावणेदोन तासांच्या आसपास, पण तिकिटावर सव्वादोन. त्यामुळे उशिरा निघालेलं विमानही पुष्कळदा वेळेवर पोचतं. आणि नाव कितीही मोठं असलं तरी भरवसा शंभर टक्के नसतो. इंडिगो वक्तशीरपणाच्या नावावर वाढली, पण डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि मनुष्यबळाचं नियोजन यांचा मेळ बसला नाही, तेव्हा तिचीच हजारो उड्डाणं रद्द झाली.

मला खरी काळजी वाटते ती वेगवेगळ्या तिकिटांची. दोन पीएनआर म्हणजे दोन वेगळे करार. नागपूरचं विमान तीन तास उशिरा आलं आणि दुबईचं चुकलं तर दुबईवाली कंपनी त्यांना ‘वेळेवर न आलेले प्रवासी’ समजते, आणि पैसे बहुतेक बुडतात. एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असतील तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. असं एकत्र तिकीट किती महाग पडतं ते एकदा बघाच. दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर वयस्कर माणसांसाठी मी तो खुशाल देईन.

वेगळंच काढणार असाल तर मुंबई कोणती, ते तपासा. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला आहे आणि तिकिटांच्या साइटवर दोन्ही विमानतळ ‘मुंबई’ म्हणून एकत्र दिसू शकतात. तिकिटावर बीओएम असेल तर सांताक्रूझ-सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. तिकडे उतरून संध्याकाळच्या गर्दीत सहारला पोचायचं म्हणजे आईबाबांचे हाल. सांताक्रूझच्या टर्मिनल 1 ला उतरले तरी दुबईचं विमान टर्मिनल 2 वरून सुटतं, मध्ये रस्त्याने जावं लागतं. सकाळी आठला उतरून मावशीकडे जेवून, दुपारी पाठ टेकून, संध्याकाळी सातला टर्मिनल 2 वर. पार्ल्याहून ते जवळच आहे.

प्रश्न : पुण्याहून बेंगळुरूचं माझं विमान रात्री नऊ दहाचं होतं. कंपनी दर वेळी तास-दीड तास पुढे ढकलत राहिली, शेवटी तीन चाळीसला निघालो. काउंटरवर म्हणाले, विमान रद्द झालेलं नाही, तुम्हाला काही मिळणार नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अर्धंच बरोबर आहे. रोख भरपाई रद्द झालेल्या उड्डाणाला असते, नुसत्या उशिराला नाही. पण एवढ्या छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावंच लागतं. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा. शिवाय रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर हॉटेलची सोयही कंपनीने करायची असते. खराब हवामानासारख्या कारणांत कंपनीला सूट मिळू शकते, म्हणून उशिराचं कारण लेखी मागायचं.

तुम्ही त्याच विमानाने गेलात, त्यामुळे पैसे परत मागता येणार नाहीत. तुकड्यातुकड्याने वेळ वाढवून सहा तासांचा आकडा समोर येऊच द्यायचा नाही, ही पद्धत मला अजिबात पटत नाही, आणि म्हणूनच तक्रार करा. वेळ बदलल्याचे सगळे एसएमएस आणि बोर्डिंग पास जोडून आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला लिहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआरसह तीच तक्रार टाका. खाणं दिलं नव्हतं आणि तुम्ही स्वतः विकत घेतलं असेल तर त्याची बिलंही जोडा.