कोल्हापूरहून मालवणला निघालोय. डॉल्फिन तिथे वर्षभर असतात की फक्त थंडीत येतात?

वर्षभर असतात. थंडीत समुद्र शांत असतो आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या बोटी बंद, म्हणून ते 'सीझन'ला येतात असं वाटतं, एवढंच. किनाऱ्यालगत दिसतो तो मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन. उथळ पाणी, खाड्यांची मुखं हेच त्याचं घर, खोल समुद्रात तो सहसा जात नाही. त्यामुळे किनाऱ्यावरची जाळी आणि बोटींचा त्रास त्याला चुकवता येत नाही, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे.

पण वर्षभर दिसतात म्हणजे भरपूर आहेत, असं समजू नका. सकाळी तारकर्लीला दिसलेला आणि दुपारी देवबागला दिसलेला एकच असू शकतो. म्हणून अभ्यासक पाठीवरच्या परांचे (म्हणजे फिनचे) फोटो काढतात: कडेच्या खाचा, जुने व्रण प्रत्येकाचे वेगळे असतात. तोच पर वर्षांनंतर त्याच खाडीपाशी पुन्हा सापडला, की त्याचा तिथला मुक्काम पक्का होतो. फिनलेस पॉरपॉइज या डॉल्फिनच्या छोट्या नातेवाइकाला तर पाठीवर परच नसतो. करडी पाठ क्षणभर वर येते आणि गेली! त्याची मोजणी ठरलेल्या रेषेवरून बोट नेऊन, दिसेल तेवढ्यावरून अंदाज बांधूनच करावी लागते.

गगनबावड्यातून जाणार असाल तर आदल्या दिवशीच मालवणला मुक्कामाला पोहोचा. पहाटेच्या संथ पाण्यात पर लांबूनही दिसतो. आणि नावाड्याला आधीच सांगा: पाठलाग नको, इंजिन मंद ठेवा.