अश्रू की पांढरा ठिपका? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: रॉजियर व्हॅन डर वायडनचं येशूला क्रूसावरून खाली उतरवतानाचं चित्र मला प्रचंड आवडतं, त्याची ऑइलमधली कॉपी मागवायचीय. विकणारा म्हणतो शंभर टक्के हाताने रंगवलेली, म्युझियम क्वालिटी. फोटो छान दिसतायत पण मन धजत नाहीये. काय बघून ठरवू?

उत्तर: म्युझियम क्वालिटी वगैरे कुणीही लिहू शकतं हो, त्याला काही अर्थ नाही. पूर्ण चित्राचा फोटो बघूच नका, लहान आकारात सगळ्याच कॉप्या बऱ्या दिसतात. चेहऱ्याचा क्लोजअप मागा आणि तोही गालावरच्या अश्रूंचा. मूळ चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, साधारण 1435 चं, रुंदी अडीच मीटरच्या वर, आणि त्यात रडणाऱ्यांच्या गालावर जे थेंब आहेत ना त्यांच्यातून खालची कातडी दिसते, कडेला बारीकशी सावली आणि एक चमक, बस. घाईत रंगवलेल्या कॉपीत तिथे सरळ पांढरा ठिपका मारलेला असतो. तो दिसला की पुढे बोलूच नका.

दुसरं विचारायचं ते कशावर रंगवलंय. रॉजियर आणि त्याच्या काळचे फ्लँडर्सकडचे (म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे) चित्रकार ओकच्या फळीवर काम करायचे, फळीवर खडू आणि सरसाचं अस्तर, ते घासून घासून गुळगुळीत केलेलं, मग वर तेलातल्या रंगाचे पातळ पातळ थर. उजेड त्या थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावरून परत येतो आणि म्हणून येशूच्या आईचा, मरियेचा, निळा झगा आतून पेटल्यासारखा वाटतो (तो निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा, त्या काळी भयंकर महाग). आता हेच जाड विणीच्या कॅनव्हासवर एका दिवसात दाट रंगाने उरकलं तर रेषा बरोबर येतील पण चित्र मेलेलंच राहणार. फळी परवडत नसेल तर निदान बारीक विणीचं लिनन, नीट अस्तर घातलेलं, आणि थर वाळू द्यायला लागतो तेवढा वेळ. आठवड्यात डिलिव्हरी देतो म्हणाला तर समजून जा.

आणि हो, हाताने म्हणून सर्रास प्रिंट विकतात, कॅनव्हासवर छापायचं आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे ओढायचे. तिरप्या उजेडात धरून बघा, ब्रशचे फटकारे एकीकडे आणि झग्याच्या चुण्या भलतीकडे चालल्या असतील तर ते छापील आहे, भिंगातून ठिपकेसुद्धा दिसतील.

साइजचंही बघा. रॉजियरच्याच काळच्या व्हॅन आयकची अँटवर्पमधली कारंज्याजवळची मरिया जेमतेम 19 बाय 12 सेंटिमीटरची आहे, ती सोफ्यावर टांगायला तीन फुटी करून घेतली तर मधल्या जागा भरायला कॉपी करणारा मनाचं काहीतरी घालणारच ना.

प्रश्न: घरात कॉपी लावली की येणारे-जाणारे 'डुप्लिकेट का?' म्हणून हसतात. खरंच कमीपणाचं आहे का हो?

उत्तर: हसू द्या की. त्यांना सांगा, रॉजियरच्या काळी तिकडे कॉप्या रीतसर ऑर्डर देऊन करून घ्यायचे. उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेच्या कॅथेड्रलला रोमहून आणलेलं मरियेचं एक चित्र मिळालं, ते खुद्द संत लूकने (बायबलमधलं एक शुभवर्तमान लिहिणारा) काढलंय असा लोकांचा समज, मग 1454 च्या सुमारास चित्रकार पेट्रस क्रिस्टुसला त्याच्या तीन आणि ब्रसेल्सच्या हेनला बारा कॉप्या करायला सांगितल्या. भाविकाला मूळ कुणाच्या हातचं याच्याशी काय देणंघेणं, मरिया समोर असली की झालं.

वरच्या त्या क्रूसाच्या चित्राचीही अशीच गंमत: ते आधी लुव्हेनमध्ये धनुर्धाऱ्यांच्या संघाच्या चॅपेलमध्ये होतं, हंगेरीच्या राणी मेरीला ते हवंच होतं, तिने बदल्यात मिखिएल कॉक्सीने केलेली कॉपी दिली आणि वर चर्चला एक ऑर्गन. व्हॅन आयक बंधूंच्या गेंटमधल्या मोठ्या वेदीचित्रातली (चर्चच्या वेदीवर लावायचं अनेक फळ्यांचं चित्र) 'न्यायी न्यायाधीश' ही फळी 1934 मध्ये चोरीला गेली ती आजतागायत सापडली नाही, तिच्या जागी येफ व्हॅन डर व्हेकनने रंगवलेली कॉपी आहे आणि लोक तिच्यासमोरही तेवढेच थांबतात.

जाणकारांचीही फसगत व्हायची बरं का. संत लूक मरियेचं चित्र काढतोय हे रॉजियरचं चित्र बोस्टन, म्युनिक, सेंट पीटर्सबर्ग आणि ब्रुज अशा चार ठिकाणी आहे. मूळ कोणतं यावर बराच वाद झाला. इन्फ्रारेडने बघितलं तर बोस्टनच्या चित्रात रंगाखालच्या रेखाटनात बरीच खाडाखोड आणि बदल निघाले. कॉपी करणाऱ्याला समोर तयार चित्र असतं, तो कशाला खाडाखोड करेल?

प्रश्न: मलाच करून बघायचीय, अ‍ॅक्रेलिक चालेल का? आणि रेफरन्स कुठून घेऊ?

उत्तर: सरावाला चालेल, पण अ‍ॅक्रेलिक पटकन वाळतं, कातडीवरची हळूहळू विरघळणारी सावली त्यात आणणं म्हणजे डोकेदुखी. जवसाच्या तेलातले रंगच घ्या. शिशाचा पांढरा विषारी असतो, त्याच्या नादी लागू नका, टायटॅनियम व्हाइट वापरा, थोडा थंड दिसतो एवढंच. पूर्ण चित्र न घेता एक हात किंवा कपड्याची एखादी चुणी घ्या.

रेफरन्ससाठी जुन्या पुस्तकातली छपाई नको, त्यात पिवळं पडलेलं वॉर्निश असतं आणि तुम्ही तेच रंगवत बसाल. गेंटच्या त्या वेदीचित्रातल्या कोकराचंच घ्या, त्याच्या तोंडावर सोळाव्या शतकात कुणीतरी वरून रंग चढवला होता, तो 2016-19 च्या रिस्टोरेशनमध्ये काढला आणि खाली थेट तुमच्याकडे बघणारा वेगळाच चेहरा निघाला. जुन्या फोटोवरून कराल तर व्हॅन आयकचं कोकरू येणारच नाही. 'क्लोजर टू व्हॅन आयक' या साइटवर नवे फोटो फुकट आहेत, तडे मोजता येतील इतके मोठे होतात.

प्रश्न: कॉपी करणं, विकणं कायदेशीर आहे ना?

उत्तर: हो, रॉजियर, व्हॅन आयक हे चित्रकार जाऊन पाचशेच्या वर वर्षं झाली, कॉपीराइट कसला उरतोय. फक्त मूळ म्हणून विकायचं नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रासमोर बसून कॉपी करायची असेल तर आधी परवानगी काढावी लागते आणि कॅनव्हास मूळ चित्रापेक्षा एक पंचमांश तरी लहान किंवा मोठा असावा लागतो, शिवाय चित्रकाराची सही उतरवायची नाही.