अ‍ॅलेगेनीच्या वनातील पहिला हंगाम

पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वनात धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा आपला बेत वाचून आनंद झाला. वन केंद्र सरकारचे असले तरी हंगाम आणि परवाना राज्याच्या नियमांनुसार असतो, म्हणून राज्याचे शिकारी-प्रशिक्षण आधी पूर्ण करावे.

नवशिके दोन चुका हमखास करतात:

- लांबून बाण सोडणे. सरावात ज्या अंतरावरून प्रत्येक बाण अचूक बसतो, त्यापलीकडच्या हरणावर नेम धरू नये. जखमी होऊन निसटलेल्या जनावराचे हाल फार वाईट असतात, आणि त्याचा माग काढणे हे आपलेच कर्तव्य ठरते.
- हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा सुरक्षा पट्टा) न बांधता मचाणावर चढणे.

वनाच्या हद्दीत खासगी जमिनीही आहेत, त्यामुळे नकाशा जवळ ठेवावा. सापळे लावून शिकार करण्याचा विचार पुढच्या वर्षी करू.