पहिला फिश टँक: आकार किती, मासे कोणते?

घरी शोभिवंत मासे पाळण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण फार घरांमध्ये दिसते, म्हणून त्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न: माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या हट्टामुळे दिवाळीत आम्ही काचेचे गोल भांडे आणि दोन गोल्डफिश आणले. दर रविवारी भांडे घासून, सगळे पाणी बदलूनही एक मासा तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरा त्यानंतर चार दिवसांनी मेला. मुलगी फार रडली. आता नीट सुरुवात करायची आहे. दुकानदार एक फुटाचा टँक, चार गोल्डफिश, दोन शार्क आणि काच साफ ठेवणारा एक सकर असे सुचवत आहेत. नवख्या माणसाला लहान टँक सांभाळणे सोपे जाते, असे ते म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या मुलीला प्रथम एवढे सांगा, की मासे तिच्या हयगयीमुळे मेले नाहीत. त्या भांड्यात गोल्डफिश फार काळ जगणे जवळजवळ अशक्य होते, आणि आपण मनापासून केलेली रविवारची साफसफाईदेखील त्यांना बहुधा जाचकच ठरली असणार.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. शिवाय विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया अगदी थोड्या प्रमाणातही माशाच्या कल्ल्यांना इजा करतो. नदी-तलावात आणि चांगल्या चाललेल्या टँकमध्ये एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच असतो, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नायट्रेट मात्र बराच सौम्य असतो आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलून तो काढून टाकता येतो. हे उपयोगी जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या रेतीवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या भांड्यात फिल्टर नव्हता. काचेवर आणि खड्यांवर जी थोडीफार वस्ती होत असेल ती दर रविवारी घासली जात होती, उरलेली नळाच्या पाण्यातील क्लोरीनने मरत होती, आणि वेगळ्या तापमानाच्या नव्या पाण्याचा धक्का माशांना बसत होता तो निराळाच.

हे लक्षात घेतले की लहान टँक सोपा हा समज कसा उलटा आहे, ते कळते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. त्यामुळे एक फूट लांब, रुंद आणि उंच टँकमध्ये कागदावर २८ लिटर पाणी मावते, पण तळाची रेती आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केल्यावर हाती जेमतेम २३ लिटर उरते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये ५६ लिटर, म्हणजे प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. मुलांच्या हातून कधीतरी खाद्य जास्त पडणारच. ती एकच चूक मोठ्या टँकमध्ये निम्मी पातळ होते आणि ती सुधारायला आपल्याला वेळ मिळतो. तापमानाचेही तसेच आहे. नाशिकला थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिलमध्ये दुपारी चाळिशीजवळ जातो. पाणी जितके कमी, तितके ते लवकर गार आणि लवकर गरम होते, आणि माशाला कायमच्या थोड्या थंडी-उन्हापेक्षा हे झटपट होणारे बदल अधिक सोसत नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की पहिला टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच यापेक्षा लहान घेऊ नये. जागा आणि खर्च परवडत असेल, तर रुंदी आणि उंची सव्वा फूट घ्यावी. तेवढ्याने पाणी ८८ लिटरपर्यंत जाते. उंच, खांबासारखे टँक दिसायला आकर्षक असतात, पण नवख्या माणसाने ते टाळावेत. प्राणवायू पाण्यात प्रामुख्याने पृष्ठभागावरून शिरतो. दोन फूट लांबीचा आडवा टँक उभा केला, तर पाणी तेवढेच राहते, पण हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग दोन चौरस फुटांवरून एकावर येतो, आणि माशांना पोहायला आडवी धावही उरत नाही.

टँक ठेवण्याची जागा आधी ठरवा. ५६ लिटर पाण्याचे वजनच ५६ किलो, त्यात काच आणि रेती मिळवली की ते सहज ७५ किलोंवर जाते, तेव्हा अभ्यासाचे टेबल किंवा टीव्हीचे कपाट यांवर विसंबू नका. सपाट, भक्कम स्टँड घ्या, काचेखाली थर्माकोलचा तक्ता घाला आणि थेट ऊन येणारी खिडकी टाळा, नाहीतर शेवाळ आवरता येणार नाही.

आता दुकानदारांच्या यादीकडे वळू. गोल्डफिश हा गोंडस दिसणारा, परंतु खादाड आणि पाणी फार लवकर घाण करणारा मासा आहे. आखूड अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या जातीही १५ सेंटिमीटरच्या पुढे वाढतात, साधा लांबट गोल्डफिश तर ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि नीट सांभाळला तर तो दहा वर्षांहून अधिक जगतो. शिवाय त्याला तुलनेने गार पाणी मानवते. दोन गोल्डफिशसाठी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे १३० लिटरचा टँक असेल तर विचार करावा. एक फुटात चार हा त्या माशांवर अन्याय आहे. शार्क आणि सकर यांविषयी खाली तिसऱ्या पत्रात लिहिले आहे, ते वाचूनच निर्णय घ्या.

माशाच्या प्रत्येक इंचामागे चार लिटर पाणी असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो फक्त दोन इंचांच्या आतल्या, सडपातळ माशांपुरता कामाचा आहे, आणि तोही दुकानातील पिलाची लांबी धरून नव्हे, तर पूर्ण वाढीची लांबी धरून. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, आणि खाणे व घाणही त्या मानाने वाढते.

दोन फुटांच्या टँकसाठी मी झेब्रा दानिओपासून सुरुवात करायला सांगेन. हा मूळचा आपल्याच देशातील, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील मासा आहे. तो काटक आहे, दिवसभर खेळत राहतो आणि तापमानातील चढउतार पुष्कळ सोसतो. तो थव्याने राहतो, म्हणून सहा तरी एकत्र आणावेत, आणि तो उडी मारतो, म्हणून टँकला झाकण हवे. झेब्रा रुळल्यावर दोन-तीन आठवड्यांनी चार प्लॅटी घालता येतील. मुलीला रंगांचीच हौस असेल, तर झेब्राऐवजी सात-आठ नर गप्पी घ्या. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते विहिरींत आणि डबक्यांत सोडते तेच हे गप्पी, मात्र पैदास करून रंगवैविध्य आणलेले. नर-मादी एकत्र ठेवले तर महिन्या-महिन्याला पिले होतात आणि नुसत्या माद्या आणल्या तरी त्या बहुधा आधीच गाभण असतात, हे ध्यानात ठेवा. गटारातून किंवा डबक्यातून गप्पी पकडून आणू नका. त्यांच्याबरोबर रोग येतात.

निऑन टेट्रा पाहून मुलीचे मन त्यांच्यावर जाईल. ते अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्याचे मासे आहेत आणि नव्या टँकमध्ये फार मरतात. सहा महिने थांबा. टायगर बार्ब इतरांचे पर कुरतडतात. फायटरचे नर एकत्र ठेवता येत नाहीत. आणि दुकानात ‘मिस केरळ’ नावाने मिळणारा लाल-काळ्या पट्ट्याचा मासा तर कृपया घेऊच नका. केरळ-कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या नद्यांखेरीज तो जगात कोठेही आढळत नाही, त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नावच ‘सह्याद्रिया’ आहे, आणि शोभेसाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो धोक्यात आलेला आहे. त्याला लागणारे वाहते, प्राणवायूयुक्त पाणीही आपण दोन फुटांत देऊ शकत नाही.

टँक आणल्यावर त्याच दिवशी मासे आणू नका, ही माझी सर्वांत कळकळीची विनंती. रेती धुऊन घाला, पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाका, स्पंज फिल्टर हवा पंपाला जोडून अहोरात्र चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. पाणी तपासण्याच्या किटमध्ये आधी अमोनिया, मग नायट्राइट चढताना दिसेल. दोन्ही पुन्हा शून्यावर आले की टँक तयार झाला. ओळखीच्या कोणाचा जुना, निरोगी टँक असेल, तर त्याच्या फिल्टरमधील वापरलेल्या स्पंजचा तुकडा मागून आणा, त्याने हे दिवस बरेच कमी होतात. मुलीला या नोंदी वहीत लिहायला सांगा; रिकाम्या टँककडे पाहून कंटाळण्याऐवजी तिला त्यात काय घडते आहे ते कळेल.

मासे आल्यावर दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा-दोनदा द्यावे, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीने तळातून काढून तेवढेच क्लोरीनमुक्त पाणी घालावे, आणि स्पंज नळाखाली न धुता त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. हिवाळ्यासाठी ५० वॉटचा हीटर पुरेल.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. भांड्यांवर पांढरे डाग पडतात. मासे पाळण्यासाठी आरओचे पाणी वापरावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: केवळ आरओचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि ते माशांच्या शरीराला हवे असतात. शिवाय अशा पाण्याचा सामू (पीएच) स्थिर राहत नाही. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणीही नको, कारण त्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्याहून जास्त असते.

पाण्याचा गुणधर्म बदलण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा त्या पाण्याला मानवणारे मासे निवडणे केव्हाही श्रेयस्कर. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे अंडी न घालता थेट पिलांना जन्म देणारे मासे आपल्याकडच्यासारख्या जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्यात उत्तम राहतात. मॉलीला तर मऊ पाणी सोसतच नाही. मॉली आणि स्वोर्डटेल थोडे मोठे होतात, म्हणून त्यांच्यासाठी अडीच ते तीन फुटांचा टँक हवा. बोअरमधून ताज्या उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा ते बादलीत रात्रभर हवा पंप लावून ठेवावे आणि मगच टँकमध्ये घालावे. आपल्या भागातील उन्हाळा पाहता आणखी एक गोष्ट सांगतो: पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा त्रासही वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये माशांची संख्या नेहमीपेक्षा कमीच असलेली बरी, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवा पंप घरात असावा.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी घेतलेला शार्क आता एक फुटाचा झाला आहे आणि सकरही वीतभर आहे. टँक तीन फुटांचा आहे. जवळच्या तलावात सोडले तर ते सुखाने जगतील ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: कृपया सोडू नका. दुकानात शार्क म्हणून मिळणारा हा मासा खऱ्या अर्थाने शार्क नाही. तो आग्नेय आशियातील मेकाँगसारख्या नद्यांमधला पंगास आहे, हॉटेलात ‘बासा’ म्हणून ज्याचे तुकडे वाढतात तोच, आणि तो एक मीटरहून अधिक वाढतो. तो घाबरट असल्याने दचकून काचेवर नाक आपटून घेतो. सकर दक्षिण अमेरिकेतील असून चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. अंगावरच्या कठीण कवचामुळे आपल्याकडील फारसे कोणी त्याला खात नाही, तो काठांत बिळे करतो आणि जाळ्यात अडकला की मच्छीमारांची जाळी फाटतात. देशातील अनेक पाणवठ्यांत त्याची वाढ आधीच डोकेदुखी होऊन बसली आहे.

जिथून मासे घेतले त्या दुकानात ते परत घेतात का, हे प्रथम विचारा. बरेच दुकानदार पैसे न देता का होईना, पण घेतात. तसे न झाल्यास मोठे सिमेंटचे हौद असलेल्या शोभिवंत माशांच्या पैदास केंद्रात चौकशी करा. तोवर निम्मे पाणी दोन खेपांत दर आठवड्याला बदला, झाकणावर वजन ठेवा आणि टँकमध्ये नवा मासा घालू नका.