कोकणात लग्नाचे फोटो काढायला आधी ऑफ-कॅमेरा फ्लॅश घेऊ की एडिटिंगचे प्लग-इन?

तुम्ही लिहिलंय की दापोलीकडे लग्नं आणि प्री-वेडिंगची कामं नुकतीच घ्यायला लागलात, हातात 25-30 हजार आहेत, आणि त्यात फ्लॅशचा सेट घ्यावा की फोटो चकाचक करणारे प्लग-इन, म्हणजे लाइटरूम-फोटोशॉपसारख्या एडिटिंग सॉफ्टवेअरला जोडायची जादा टूल्स, घ्यावेत हे कळत नाहीये. फ्लॅश घ्या, आणि तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरून खाली उतरवून स्टँडवर लावायला शिका, प्लग-इनसाठी सध्या एक रुपयासुद्धा काढू नका. मीही रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यात हेच काम करतो म्हणून कारणं इथलीच सांगतो, कारण यूट्यूबवर जे "फ्लॅश सिलिंगवर बाउन्स करा", म्हणजे छतावर मारून परतलेला उजेड माणसावर घ्या, म्हणून सांगतात ना ते सगळं शहरातल्या पांढऱ्या स्लॅबच्या हॉलसाठी असतं.

आपल्याकडे हळद कुठे लागते, तर ओटीवर नाहीतर पडवीत, आणि वर काय असतं, कौलं, वासे आणि वर्षानुवर्षं धूर खाऊन काळं पडलेलं लाकूड. तिथे फ्लॅश वर मारला तर उजेड वरच जिरतो, खाली आलाच तर तपकिरी होऊन येतो. मग माणूस भिंतीवर मारून बघतो, ती निघते जांभ्याची, न गिलावा केलेली, म्हणजे नवरीचा एक गाल लालसर आणि दुसऱ्या गालावर मांडवातल्या एलईडी ट्यूबचा हिरवट उजेड. आता हा फोटो कुठल्याही प्लग-इनमध्ये टाका, व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, एका गालाला जुळवला की दुसरा बिघडतो, आणि अशा 800 फोटोंवर एकेक करून मास्क काढत, म्हणजे तेवढाच भाग निवडून दुरुस्त करत, बसायला तुम्हाला कोण पैसे देणार आहे? खळ्यातल्या मांडवाचं कापड जर गुलाबी किंवा भगवं असेल तर दुपारच्या मुहूर्ताला सगळं वऱ्हाडच त्या रंगाचं दिसतं. तिथे तुमचा स्वतःचा स्वच्छ पांढरा उजेड चेहऱ्यावर टाकणं हाच उपाय आहे.

सुरुवातीला टीटीएलवाला, म्हणजे पॉवर आपोआप ठरवणारा महागडा फ्लॅश नको, पॉवर हाताने लावायचा मॅन्युअल चालतो. गोडॉक्सचा टीटी600 घ्या किंवा त्या जातीचा दुसरा कुठला घ्या, त्यात 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ रिसीव्हर आतच असतो, कॅमेऱ्यावर एक्स2टीसारखा ट्रिगर, म्हणजे रेडिओने फ्लॅश पेटवणारा डबा, लावला की झालं, मधे वायर नाही काही नाही. डब्यावर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, 60 लिहिलेला बघून हुरळून जाऊ नका, तो 200 एमएम झूमवर मोजलेला असतो, छत्रीत लावून उजेड पसरवला की त्यातला बराच जातो. तुमच्या बजेटमध्ये फ्लॅश, ट्रिगर, एक स्टँड, छत्री लावायचा ब्रॅकेट, साधारण 40 इंची पांढरी छत्री आणि रिचार्जेबल सेलचे दोन सेट हे सगळं आरामात बसायला हवं. सेल चांगल्या निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, साधे अल्कलाइन सेल टाकले तर दहा-पंधरा फुल पॉवर झाल्यावर फ्लॅश चार्ज व्हायला एवढा वेळ घेतो की अंतरपाट खाली पडून हार घालून होतात आणि तुम्ही आपले लाल दिव्याकडे बघत उभे.

छत्री माणसाच्या जवळ आणा, लोक घाबरून लांब ठेवतात. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे 1 मीटरवरून 2 मीटरवर नेलीत तर दोन स्टॉप गेले, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. जवळ आणली की पॉवर कमी लागते, सेल टिकतात, आणि उजेड मऊ पण पडतो. फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर एकदम आणू नका, आमच्याकडे एका आजींनी "काय रे मेल्या, डोळे फोडतस काय माझे?" म्हणून भर मांडवात ऐकवलंय.

आता प्री-वेडिंग, म्हणजे मुरुड, कर्दे, गुहागर नाहीतर तारकर्लीचा किनारा आणि मागे मावळतीचा सूर्य, सगळ्यांना तोच एक फोटो हवा असतो. आधी फ्लॅश बंद ठेवून नुसतं आकाश जुळवा, शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशशी नीट जुळणाऱ्या सगळ्यात जलद शटरच्या, आत ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत तो 1/200 किंवा 1/250 असतो, आकाशाचा रंग दाटसर येईपर्यंत अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, बंद करत जा, जोडपं काळं पडेल, पडू दे. मग फ्लॅश चालू करून त्याची पॉवर वाढवत चेहऱ्यापुरता उजेड आणा. यापुढे शटर हलवलं तर आकाश बदलतं पण चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो, सिंकच्या आत असेपर्यंत. एवढं एक डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. एफ1.8 वर मागचं धूसर हवं असेल तर हाय स्पीड सिंक लागतं, पण त्यात फ्लॅश एका दणक्यात न पेटता बारीक बारीक झटक्यांत पेटतो आणि ताकद निदान दोन स्टॉपने तरी पडते, त्यापेक्षा लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावलेला मला बरा वाटतो. दुपारच्या कडक उन्हात छत्रीतल्या छोट्या फ्लॅशकडून फार अपेक्षा ठेवू नका, तिथे 200 वॉट-सेकंदाचा एडी200 प्रो लागतो, तो पुढे कामं वाढली की बघू. फ्लॅशवर हाफ सीटीओ जेल लावायला विसरू नका, साधी नारिंगी पारदर्शक पट्टी आहे ती पण तिच्याशिवाय मागे केशरी सूर्य आणि पुढे पांढरेफटक चेहरे असं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

वाऱ्याचं मात्र सांभाळा, संध्याकाळी समुद्रावर छत्री म्हणजे शीडच. किनाऱ्यावर वाळू फुकट आहे, कापडी पिशवी भरून स्टँडला टांगा, आणि वारा जास्तच असेल तर छत्री मिटवून उघडा फ्लॅश भावाच्या नाहीतर मित्राच्या हातात द्या. घरी आल्यावर पिळून काढलेल्या ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने सगळं पुसा, सेल काढून ठेवा, नाहीतर खाऱ्या हवेत कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. पावसाळ्यात लेन्स आणि फ्लॅश सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात, चामड्याच्या बॅगेत अजिबात नाही, बुरशी हमखास.

आता प्लग-इन. पहिली गोष्ट, पेनड्राइव्हवर जो "5000 प्लग-इनचा पॅक" विकतात तो प्लग-इन नसतोच, ते प्रीसेट (तयार रंग-सेटिंग), अ‍ॅक्शन (फोटोशॉपची साठवलेली कामं) आणि करिझ्मा अल्बमच्या 12 बाय 36 च्या पीएसडी (फोटोशॉपची तयार पानं) असतात, आणि क्रॅक केलेलं काही असेल तर सोबत व्हायरस. निक कलेक्शनचं नाव तुम्ही लिहिलंय, तो प्लग-इनचा संच चांगला आहे, त्यातल्या सिल्व्हर इफेक्समध्ये ब्लॅक अँड व्हाइट सुंदर होतं, पण "फ्री आहे" हे जुनं झालं, गूगलने 2016 मध्ये फुकट केलं होतं, 2017 मध्ये डीएक्सओने विकत घेतलं आणि आता पैसे पडतात. शिवाय लाइटरूममधून असल्या प्लग-इनला फोटो पाठवला की त्याची वेगळी टिफ फाइल बनते, 24 मेगापिक्सेलची 16 बिट टिफ दीडशे एमबीच्या आसपास जाते, लग्नाचे 300 फोटो तसे केले तर हार्ड डिस्कचा विचार करा.

स्किन गुळगुळीत करायला पोर्ट्रेचर हे प्लग-इन सगळेच वापरतात, फोटोशॉपमध्ये वेगळ्या लेयरवर लावून ओपॅसिटी 30-40 टक्क्यांवर आणलीत तर ठीक, नाहीतर वरमाई मेणाची दिसते. नॉइज काढायला वेगळं काही नको, लाइटरूममध्ये 2023 पासून एआय डीनॉइज आलंय, त्यासाठी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करा आणि ग्राफिक कार्ड बरं हवं. ते खरं कामाला येतं दशावतारात, कारण तिथे फ्लॅश मारायचा नाही म्हणजे नाही, आयएसओ 6400 लावून रंगमंचाच्या आहे त्या उजेडात काढायचं आणि दाणे घरी येऊन साफ करायचे. पैसे अजिबातच नसतील तर डार्कटेबल आणि गिम्प ही एडिटिंग सॉफ्टवेअर फुकट आहेत, गिम्पला जीमिक नावाचं प्लग-इनही फुकट बसतं, शिकायला वेळ लागतो एवढंच.

कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं कमेंटमध्ये टाका, कारण ट्रिगर प्रत्येक कंपनीसाठी वेगळा येतो आणि सोनीसाठी टीटी600 चं सुद्धा वेगळं मॉडेल मिळतं.