स्कूटर आजोबांची, चालवली नातवानं

प्रश्न : माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे. क्लासला उशीर झाला म्हणून माझ्या वडिलांची ११० सीसी स्कूटर घेऊन गेला आणि नाशिकला कॉलेज रोडवर पकडला गेला. नोटीस वडिलांच्या नावानं आली आहे. त्यांचं वय ७२. ओळखीचे म्हणतात, कोर्टात गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय मिटवा. तसं करू का?

उत्तर : थांबा. आधी नोटिशीवर मोटार वाहन कायद्याचं कलम कोणतं लिहिलंय ते वाचा. नुसतं १८० असेल, म्हणजे विनापरवाना माणसाला गाडी दिली एवढंच, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, पण बहुधा दंडावर भागतं. १९९-अ असेल तर गोष्ट वेगळी. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या या कलमात पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. घाईनं दिलेली कबुली नातवाला तोवर बसनं फिरवेल.

'सोळाव्या वर्षी चालतं' हा बचाव इथे उपयोगाचा नाही. ती सूट ५० सीसीपर्यंतच, आणि तीही लायसन्स काढलं तर.

१९९-अ मध्ये मुलानं गाडी पालकाच्या किंवा गाडीमालकाच्या संमतीनंच नेली, असं कोर्ट गृहीत धरतं. माहिती नव्हती किंवा पुरेशी खबरदारी घेतली होती, हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारेन तो किल्लीचा. आजोबांच्या कपाटात होती, की दाराजवळच्या खिळ्यावर? आणि 'आजोबांची गाडी घेऊन जा' असा तुमचा व्हॉट्सॲप मेसेज आहे का? असेल तर तो डिलीट करू नका, वकिलाला दाखवा. रोज नेत असेल तर तेही सांगा. रचलेली गोष्ट उलटतपासणीत टिकत नाही.

तारखेला आरसी, विमा आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन वकिलासोबतच जा. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालेल, त्याची तारीख वेगळी.

क्लाससाठी ई-स्कूटर घ्यायचा विचार असेल, तर २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेलीच बिनलायसन्स चालते. दुकानदार 'स्पीड वाढवून देतो' म्हणाला, तर नको म्हणा.